जाम झालेलं जुनं इंजिन सोडवताय? आधी या चुका टाळा

विहिरीवरचं जुनं इंजिन, दोन मोठ्या चाकांचं. गावात लाईट आली, मोटार बसली आणि तेव्हापासून ते गोठ्यामागं तसंच उभं. अशी इंजिनं आपल्याकडे गावोगाव सापडतील, बरीचशी लिस्टर पॅटर्नची. मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्लीचं, ही सीएस मालिका 1930 च्या आसपास आली, सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट, आणि त्याच नमुन्याची इंजिनं पुढं राजकोटला इतकी बनली की आमच्याकडे कुणी नुसतं 'सहा एचपी' म्हटलं तरी साडेसहाशे आरपीएमवर टुक टुक करणारं तेच डोळ्यासमोर येतं. मी आजोबांचं असलंच एक सोडवलं, चार महिने लागले, त्यातले दोन मी स्वतः केलेली घाण निस्तरण्यात गेले. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात पहिली चूक, जी जवळपास सगळे करतात, ती म्हणजे चाकाला साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढणं. नाहीतर चाकाच्या आऱ्यांत पहार घालून दोघांनी लोंबकळणं. मी पहारवाला. ते चाक बिडाचं असतं, बीड वाकत नाही, थेट तडकतं, आणि आऱ्याला गेलेला बारीक तडा रंगाखाली दिसतसुद्धा नाही. तसलं चाक पुढं फिरायला लागल्यावर त्याच्यासमोर उभं राहायची माझी तरी छाती नाही. आरे वाचलेच तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणजे पिस्टनला चाकाच्या क्रँकशी जोडणारा दांडा. माझा वाकला नाही हे नशीब.

गावातले एक जुने मिस्त्री हे बघत उभे होते, शेवटी न राहवून म्हणाले, "पोरा, पिस्टनच धरलाय हे तुला कुणी सांगितलं?" आणि खरंच मी बघितलंच नव्हतं. इंजिन फिरत नाही म्हणजे पिस्टन जाम हे आपण गृहीतच धरतो. आधी पट्टा काढा, कारण कधी कधी इंजिन मोकळं असतं आणि पलीकडचा पंप नाहीतर पिठाची चक्की जाम असते. मग टॅपेट बघा, व्हॉल्व्ह गाईडमध्ये चिकटलेला असू शकतो. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, एअर क्लीनरमध्ये उंदराचं. हे सगळं झाल्यावर बाजूचं दार उघडा, म्हणजे क्रँककेसचं झाकण, आणि बॅटरी मारून क्रँक कुठल्या बाजूला आहे ते नीट बघून घ्या.

हे का सांगतोय तर क्रँक बरोबर टॉपला असेल तर रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात, आणि मग तुम्ही वरून पिस्टनवर घन घातला तर तो सगळा दणका सरळ खाली बेअरिंगवर जातो, पिस्टन केसभरही हलत नाही, हलणार कसा, त्याला जायला जागाच नाही. बॉटमला असेल तरी तेच. मी दीड दिवस असा ठोकत बसलो होतो. पिस्टनच धरलाय अशी खात्री झाली की पहिलं काम हे, त्याच दारातून हात घालून बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाचे, बोल्ट सोडवायचे, रॉड क्रँकपासून वेगळा करायचा आणि मोकळा क्रँक खाली फिरवून घ्यायचा. त्या टोकाची खालची टोपी कुठल्या बाजूनं होती ती खूण आधीच करून ठेवा. आणि टोपीखाली तेल उडवायचा छोटा डिपर असतो, तो काढून खिशात ठेवून विसरणारे लोक मला माहीत आहेत (मी नाही, आमचे चुलते). डिपर नाही म्हणजे बिग एंडला तेल नाही.

आता मुरवण. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं की पिस्टनच्या डोक्यावर रॉकेल आणि डिझेल ओततात, चालतं, पण माझा अनुभव ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं जास्त आत शिरतं. ॲसिटोन पेट घेतं, शेजारी बिडी नको. आणि घाई नको. एक रात्र ठेवून सकाळी ठोकायला लागू नका, आठवडा पंधरा दिवस द्या, रोज बघा, पातळी उतरली असेल तर समजा पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं वाट मिळाली, पुन्हा भरा. माझ्या लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात, हेड काढल्यावर एका बाजूला विटकरी रंगाची पट्टी दिसत होती, दोन बोटं रुंद, वरून खाली ओघळ आल्यासारखी. सायलेन्सर आभाळाकडं तोंड करून उघडा, वर साधा पत्र्याचा डबासुद्धा उपडा घातला नव्हता, इंजिन थांबलं तेव्हा नेमका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, मग एवढ्या वर्षांचा पावसाळा त्यातून सरळ आत.

पेटता ब्लोलॅम्प बिडावर एका जागी धरू नका, तडकतं. पिस्टन जुन्या इंजिनात बिडाचा असतो तर काहीत ॲल्युमिनियमचा, आधी चुंबक लावून बघा, कारण ॲल्युमिनियम असेल आणि कुणी गंज जाईल म्हणून कॉस्टिक सोडा ओतला तर गंज राहील आणि पिस्टन जाईल. वॉटर जॅकेटमधला, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतला, क्षाराचा दगड काढायला लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून ठेवलं की पुरतं, नंतर भरपूर पाणी मारा.

ठोकायचंच असेल तर बाभळीचा ओंडका, बोअरमध्ये, म्हणजे लायनरच्या आत, सैल बसेल असा गोल तासलेला. लोखंडी रॉड पिस्टनच्या डोक्यावर नको. पण ठोकण्यापेक्षा ग्रीस भारी. हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट स्टडवर कसायची, खाली गॅस्केट, प्लेटला भोक पाडून ग्रीस निपल, आणि हाताच्या ग्रीस गननं भरत राहायचं. हिशोब बघा, बोअर साडेचार इंच म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्र जवळजवळ 16 चौरस इंच, गननं नुसतं 1000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दिलं तरी 7 टनांच्या वर जोर, तोही सगळीकडून सारखा. पातळ प्लेट वाकते, 20 मिलिमीटरच्या खाली मी तरी घेणार नाही. इथं एक कळकळीची विनंती, ग्रीसऐवजी कॉम्प्रेसरची हवा वापरायचं डोक्यातही आणू नका. ग्रीस दाबलं जात नाही, पिस्टन सुटला की जोर तिथंच संपतो. हवा दाबून बसलेली असते, सुटला की पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

माझा पिस्टन बाराव्या दिवशी हलला. आवाज वगैरे काही नाही, लायनरवर खडूची रेघ मारून ठेवली होती ती अर्धा सूत वर राहिलेली दिसली. तिथं परत एक चूक, आनंदाच्या भरात लगेच बाहेर काढायला जाऊ नका. खाली थोडा, मग रॉडखाली लाकूड आणि जॅक लावून वर थोडा, तेल, परत खाली. आणि वर बाहेर यायच्या आधी लायनरच्या तोंडाशी बोट फिरवा. रिंग जिथपर्यंत जाते तिथं झिजून वर एक काठ तयार झालेला असतो, तो खरवडून काढला नाही तर रिंगा त्याला अडकून मोडतात. माझी एक मोडली.

लायनरला खड्डे दिसले की लेथवाले लगेच नवा लायनर सांगतात. हळू फिरणारं इंजिन आहे हो हे, हलकं होनिंग करा, म्हणजे आतून दगडानं घासून घ्या, रिंगेच्या वाटेत नखाला खोल लागत नसेल तर मी तोच ठेवीन. नवी रिंग आधी पिस्टनशिवाय लायनरमध्ये घालून गॅप मोजा, इंचाला 4 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरले तर साडेचार इंचाला 18 थाऊ. आणि दुकानात जाऊन 'सहा एचपीचा पिस्टन द्या' म्हणू नका, जुना सोबत न्या, लिस्टर पॅटर्न सगळी दिसायला सारखी पण माप प्रत्येक कारखान्याचं वेगळं निघतं.

सिलिंडर क्रँककेसवरून उचलला तर खाली पातळ शिम असतात, कागदाएवढ्या. मी कचरा समजून टाकल्या. त्यांच्यावरच पिस्टन आणि हेड यांच्यातलं अंतर ठरतं, जास्त झालं तर कॉम्प्रेशन नाही, कमी झालं तर पिस्टन हेडला आपटतो. मग शिशाची तार पिस्टनवर ठेवून, हेड कसून, एक फेरा फिरवून, चेपलेली तार मोजून परत नव्या बनवल्या. दोन महिने म्हणालो ना, त्यातले पंधरा दिवस हे.

चालू करायच्या दिवशी सगळ्यांना घाई असते, शेजारीपाजारी जमलेले असतात, तेव्हाच जास्त सांभाळायचं. पिस्टनवरून खाली गेलेलं रॉकेल तेलात मिसळलेलं असतं, जुनं तेल पूर्ण काढा, नवं भरा. फ्युएल पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, बोटानं ढकलून बघा, जुनं डिझेल डिंकासारखं होऊन ती अडकते, मग वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल तोडायचा प्रयत्न करतो आणि तुटत नाही, इंजिन वाढत वाढत जातं. त्यासाठी हवेच्या तोंडावर दाबायला एक सपाट फळी हाताशी ठेवा, हात नाही. नोझल बाहेर काढून फवारा बघताना बोट पुढं धरू नका, तो कातडीतून आत शिरतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. उपरणं, पदर, सैल बाही चाकाजवळ नको.

आमचं तिसऱ्या हँडलला लागलं. दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि तेल गरम असतानाच परत काढलं, बादलीत बघितलं तर तळाला गंजाचा लाल गाळ बसलेला. तेही तेल टाकलं, हेडचे नट गार झाल्यावर परत एकदा कसले, आणि सायलेन्सरवर डबा उपडा घातला.