मद्यपान करून वाहन चालवल्याच्या खटल्यात कागदपत्रांतील चुका कशा तपासाव्यात

मद्यपान करून वाहन चालवल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या हाती खटल्याचे कागद पडले, की त्याची नजर बहुधा आधी स्वतःच्या नावाकडे जाते. नावातली वेलांटी चुकलेली असते, नाहीतर गाडीच्या क्रमांकातील दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि एवढ्यावर खटला निकालात निघेल असे छातीठोकपणे सांगणारेही कुणीतरी भेटते. हा समज चुकीचा तर आहेच, पण नुकसानकारकही आहे, कारण त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस ज्या नोंदी खरोखर तपासायला हव्यात त्यांच्याकडे वळतच नाही.

चूक सापडली की स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या चुकीमुळे आरोप नेमका काय आहे हे समजण्यात माझी दिशाभूल झाली का? आणि या चुकीमुळे आरोप सिद्ध करणाऱ्या पुराव्यातील एखादा दुवा तुटतो का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो केवळ हस्तदोष ठरतो आणि न्यायालय तो दुरुस्त करून पुढे जाते. निरनिराळ्या देशांचे कायदे या बाबतीत बरेच जवळ आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स अ‍ॅक्ट, १९८० च्या कलम १२३ नुसार समन्समधील दोषावर बोट ठेवून आक्षेप घेता येत नाही. मात्र समन्स आणि पुरावा यांतील तफावतीमुळे आरोपीची दिशाभूल झाली असेल, तर त्याच्या अर्जावरून न्यायालयाला सुनावणी तहकूब करावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम २३८ हेच वेगळ्या शब्दांत सांगते: दोषारोपातील चुकीमुळे आरोपीची प्रत्यक्षात दिशाभूल झाली आणि न्यायहानी झाली, तरच ती चूक महत्त्वाची मानली जाते.

त्यामुळे नावातील अक्षर, पत्त्यातील पिनकोड, रस्त्याच्या नावाचे लेखन किंवा गाडीचा चुकीचा रंग यांवर वेळ घालवू नये. ती व्यक्ती आपणच आणि ती गाडी आपणच चालवत होतो, याबद्दल वाद नसेल, तर या चुकांना वजन नसते.

वेळेच्या नोंदींचे तसे नाही, आणि माझ्या मते कागदपत्रे वाचण्यासाठी जितका वेळ हाताशी असेल त्यातला निम्मा यांच्यासाठीच ठेवावा. एक कोरा कागद घेऊन त्यावर गाडी थांबवल्याची, पहिल्या श्वासचाचणीची, अटकेची, ठाण्यात पोहोचल्याची, दुसऱ्या चाचणीची किंवा रक्त घेतल्याची आणि नमुना प्रयोगशाळेत जमा झाल्याची वेळ क्रमाने उतरवावी आणि प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली तेही लिहावे. समजा, अटकेच्या नोंदीत २३:४० आहे आणि अटकेनंतर घेतलेल्या चाचणीच्या छापील पट्टीवर २३:२५. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. पण यावरून लगेच चाचणी खोटी ठरत नाही. यंत्राचे घड्याळ मागे असणे हे अगदी साधे कारण असू शकते. त्याच यंत्राच्या त्या रात्रीच्या इतर पट्ट्या आणि नियंत्रण कक्षाची नोंदवही शेजारी ठेवली, तर तफावत सगळीकडे सारखीच आहे की फक्त याच प्रकरणात आहे, हे कळते. सगळीकडे पंधरा मिनिटांचाच फरक असेल तर दोष घड्याळाचा आहे. फक्त याच पट्टीवर असेल, तर ती पट्टी याच माणसाची आहे का, हा प्रश्न गंभीर होतो.

वेळेला इतके महत्त्व येण्यामागे शरीराचे गणितही आहे. रक्तातील अल्कोहोल साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅमने कमी होते, आणि पिणे नुकतेच संपले असेल तर ते काही काळ वाढतही असते. भारतातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमधील ८०. जिथे चाचणीतील प्रमाणावरून गाडी चालवतानाचे प्रमाण मोजून काढले जाते, तिथे तासाभराची चुकीची नोंद निष्कर्षच फिरवू शकते. शिवाय काही मुदती कायद्यानेच घातलेल्या असतात. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ नुसार, कलम १८५ खाली, म्हणजे मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल, विनावॉरंट अटक झालेल्या व्यक्तीची २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर तिला कोठडीतून सोडावे लागते. ‘सोडावे लागते’ याचा अर्थ ‘निर्दोष ठरते’ असा मात्र नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

यानंतर आकडे आणि त्यांची एकके पाहावीत. ८० मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर, ०.८ ग्रॅम प्रति लिटर आणि ०.०८ टक्के हे एकच प्रमाण आहे; श्वासातील प्रमाण मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. इंग्लंडमधील १०० मिलिलिटर श्वासामागे ३५ मायक्रोग्रॅमची मर्यादा २३०० या रक्त-श्वास गुणोत्तराने गुणली की ८०,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे रक्तातील ८०.५ मिलिग्रॅम येतात, तर इतर काही ठिकाणी हेच गुणोत्तर २१०० धरतात. अहवालात एकक लिहिलेलेच नसेल किंवा मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडले असेल, तर यंत्राची मूळ पट्टी मागवावी; तिच्यावर एकक बरोबर असेल तर ही नक्कल करतानाची चूक ठरते.

रुग्णालयातील अहवाल असेल तर आणखी एक शब्द शोधावा: तपासणी संपूर्ण रक्ताची झाली की रक्तद्रवाची? रक्तद्रवात किंवा सीरममध्ये, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या द्रवात, अल्कोहोलचे प्रमाण संपूर्ण रक्तापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी जास्त येते. आकडा मर्यादेच्या किंचितच वर असताना हा शब्द गाळलेला असेल, तर त्याला कारकुनी चूक म्हणून सोडून देऊ नये.

रक्ताच्या नमुन्याच्या बाबतीत बाटलीवरील लेबल, सीलचा क्रमांक, पाठवणीचे पत्र आणि प्रयोगशाळेची पोच हे चार कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. सीलच्या क्रमांकातील एक आकडा एकाच कागदावर वेगळा असेल आणि तारीख, नाव व केस क्रमांक जुळत असतील, तर साक्षीदाराला बहुधा समाधानकारक खुलासा देता येतो. क्रमांक दोन ठिकाणी वेगळा असेल, किंवा नमुना दोन दिवस कोणाच्या ताब्यात होता याची नोंदच नसेल, तर तपासलेले रक्त याच माणसाचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर येते, आणि ती हलकी नसते. मद्यधुंद चालक रस्त्यावर माणसे मारतात, म्हणून हे खटले चालायलाच हवेत, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच दुसऱ्याच्या रक्तावरून कुणाला शिक्षा होऊ नये, याचीही तितकीच काळजी वाटते.

श्वासचाचणीच्या यंत्रासाठी पट्टीवरील अनुक्रमांक आणि तपासणी प्रमाणपत्रावरील अनुक्रमांक एकच आहे का, आणि चाचणीच्या दिवशी त्या प्रमाणपत्राची मुदत चालू होती का, एवढे पाहणे पुरेसे आहे.

काही ठिकाणी कागद वेळेवर मिळणे हीच कायद्याची अट असते. इंग्लंडमध्ये यंत्राची पट्टी आरोपीला तिथेच दिलेली किंवा सुनावणीच्या किमान ७ दिवस आधी बजावलेली नसेल, तर केवळ त्या कागदाच्या आधारे पुरावा देता येत नाही. मात्र यंत्र चालवणारा अधिकारी स्वतः साक्षीला येऊ शकतो, हे गृहीत धरूनच चालावे.

सापडलेली चूक केव्हा मांडायची, हा निर्णय वकिलाबरोबर घ्यावा, पण तो लांबणीवर टाकू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५११ नुसार, आक्षेप आधीच घेता आला असता का आणि घ्यायला हवा होता का, हे न्यायालय पाहते. निकालानंतर अपिलात प्रथमच काढलेल्या मुद्द्याला म्हणूनच फारशी किंमत राहत नाही. गुन्हा कबूल करण्यापूर्वी सर्व कागदांच्या नकला मागून घ्याव्यात, मूळ कागदांवर स्वतःच्या हाताने कोणतीही खूण किंवा दुरुस्ती करू नये, आणि वेळांचा तो तक्ता, जिथे तफावत आहे त्या ओळी अधोरेखित करून, पहिल्याच भेटीत वकिलाकडे द्यावा.