साठलेल्या चिल्लरची किंमत कशी ओळखावी

'पै न् पै वसूल करणे', 'दमडीचाही फायदा नसणे', 'कवडीमोलाने विकणे' हे वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण त्यांतील पै, दमडी आणि कवडी यांपैकी काहीही आता कोणाच्या खिशात नसते. एके काळी या तिन्हींनी खरोखर वस्तू विकत घेता येत असत. रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै असा हिशेब होता, तेव्हा एका रुपयात 192 पै होत असत. चलनातले सर्वांत लहान नाणे बहुधा एकाच वाटेने जाते. आधी त्याने काही घेता येईनासे होते, मग ते स्वीकारायला लोक नाखूश होतात, पुढे टांकसाळ ते पाडणे थांबवते आणि कधीकधी शेवटी कायदाही त्याला रद्द करतो. घरातल्या बरणीत साठलेली चिल्लर या वाटेवर कोठपर्यंत आली आहे, हे ओळखून तिचे काय करावे याची रीत पुढे दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. एकाच नाण्याच्या चार निरनिराळ्या किमती असतात. त्यावर छापलेला आकडा ही दर्शनी किंमत होय. त्या आकड्यात आज काय मिळते, ती क्रयशक्ती. नाणे वितळवले तर हाती येणाऱ्या धातूचा भाव ही तिसरी किंमत, आणि संग्राहक त्यासाठी जे मोजायला तयार होईल ती चौथी. या चार किमती एकमेकींपासून स्वतंत्रपणे वर-खाली होतात, आणि चिल्लरीबाबत होणाऱ्या बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्यामुळेच होतात. म्हणून प्रत्येक ढिगाला हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

नाणे अजून चालते का?

बरणी जाड, फिक्या रंगाच्या कापडावर रिकामी करावी आणि नाणी आधी देशानुसार, मग मूल्यानुसार वेगळी करावीत. साल वाचण्याची घाई या टप्प्यावर नको. देश आणि मूल्य कळले की प्रत्येक ढिगाची कायदेशीर स्थिती त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या किंवा टांकसाळीच्या अधिकृत माहितीवरून तपासावी, कारण 'हे आता कोणी घेत नाही' आणि 'हे रद्द झाले आहे' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. भारतात 25 पैसे आणि त्याहून लहान नाणी 30 जून 2011 पासून कायदेशीर चलन राहिली नाहीत, परंतु 50 पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे. कॅनडाने एक सेंटचे शेवटचे नाणे मे 2012 मध्ये पाडले आणि 4 फेब्रुवारी 2013 पासून त्याचे वितरण थांबवले, तरी तेथील सेंट रद्द झालेला नाही. ऑस्ट्रेलियाची 1 आणि 2 सेंटची नाणी 1992 पासून चलनातून काढून घेतली जात आहेत, पण कायद्याने तीही वैधच आहेत. याउलट न्यूझीलंडने आपली 1 आणि 2 सेंटची नाणी 1990 साली रद्द केली. ब्रिटनचे अर्ध्या पेनीचे नाणेही 1984 च्या अखेरीस रद्द झाले.

नाणे रद्द झाले असले तरी लगेच आशा सोडू नये, कारण पुष्कळदा बदलून घेण्यासाठी काही मुदत दिलेली असते. येथे देशादेशांत फार फरक पडतो आणि मुदत हुकली तर दर्शनी किंमत कायमची जाते. युरो आल्यानंतर जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने मार्कच्या नोटा आणि नाणी बदलून देण्यास कोणतीही कालमर्यादा ठेवली नाही. फ्रान्समध्ये फ्रँकची नाणी बदलण्याची मुदत 17 फेब्रुवारी 2005 रोजी संपली, तर स्पेनच्या पेसेटासाठी ती 30 जून 2021 पर्यंत होती. परदेशी नाण्यांची जुनी पुरचुंडी घरात असेल, तर इतर सर्व कामांआधी हे एवढे तपासून घ्यावे.

वैध नाणे कितीही संख्येने द्यावे आणि समोरच्याने ते घेतलेच पाहिजे, असेही नसते. लहान नाण्यांना बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. भारताच्या 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपया आणि त्यावरील नाणी एका व्यवहारात 1000 रुपयांपर्यंत आणि 50 पैशांची नाणी 10 रुपयांपर्यंतच कायदेशीर देय ठरतात. ब्रिटनमध्ये 1 आणि 2 पेन्सची नाणी केवळ 20 पेन्सपर्यंत कायदेशीर देय आहेत. ढीग मोठा असेल तर तो बँकेत भरणे हाच सरळ मार्ग होय. नाणी मोजून देणारी यंत्रे पुष्कळदा रकमेचा काही हिस्सा शुल्क म्हणून कापतात, तेव्हा नाणी ओतण्यापूर्वी शुल्क विचारावे.

मोजण्याऐवजी वजन

शेकडो नाणी एकेक करून मोजण्यात वेळ जातो आणि चूकही होते. एका प्रकारच्या नाण्यांचे वजन ठरलेले असते, त्यामुळे स्वयंपाकघरातील साधा डिजिटल काटा हे काम उत्तम करतो. एकाच प्रकारची नाणी ठेवावीत, एकूण वजनाला एका नाण्याच्या अधिकृत वजनाने भागावे, की संख्या मिळते. झिजेमुळे थोडा फरक पडतो, म्हणून आधी 50 नाणी हाताने मोजून काट्याचा हिशेब पडताळून पाहावा.

काही मालिकांत तर नाणी वेगळी करण्याचीही गरज नसते. ब्रिटनची 1 पेनी 3.56 ग्रॅमची आणि 2 पेन्स बरोबर दुप्पट, म्हणजे 7.12 ग्रॅमचे असते. दोन्ही एकत्र मिसळून वजन केले आणि 3.56 ने भागले, तर पेन्समधील रक्कमच हाती येते. अमेरिकेची आजची 10 आणि 25 सेंटची नाणी अनुक्रमे 2.268 आणि 5.670 ग्रॅमची असतात. म्हणजे दर 22.68 ग्रॅमला एक डॉलर, मग मिश्रण कोणत्याही प्रमाणात असो. हा योगायोग नव्हे. नाण्याची किंमत त्यातल्या चांदीवर ठरत असे त्या काळाची ही खूण आहे. जुना चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा होता आणि अधेली (अर्धा रुपया), पावली (पाव रुपया) त्याच प्रमाणात हलक्या होत्या. पुढे अमेरिकेच्या या नाण्यांचे धातू आणि वजने बदलली, प्रमाण मात्र तसेच राहिले.

आज खर्चावे की ठेवावे?

दर्शनी आकडा बदलत नाही आणि भाव मात्र चढत राहतात, म्हणून बरणीतील साधे नाणे दरवर्षी थोडे थोडे रिकामे होत असते. ते किती, याचा अंदाज एका सोप्या भागाकाराने येतो. 72 ला महागाईच्या वार्षिक दराने भागावे. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वर्षांत नाण्याची क्रयशक्ती निम्मी होते. दर 4 टक्के असेल तर 18 वर्षे, 6 टक्के असेल तर 12 वर्षे. म्हणजे 6 टक्क्यांच्या दराने 24 वर्षे जपून ठेवलेल्या नाण्यात फक्त पाव भाग उरतो. ज्या नाण्याला धातूची किंवा संग्रहाची वेगळी किंमत नाही ते साठवण्यात कसलीही बचत नाही. माझ्या मते वर्षातून दोनदा बरणी रिकामी करण्याची सवय कोणत्याही हिशेबाच्या युक्तीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

सर्वांत लहान नाणे गेल्यावर रोख रक्कम जवळच्या मूल्यापर्यंत पूर्णांकित केली जाते. येथेही थोडे लक्ष द्यावे. कॅनडात रोखीच्या एकूण बिलाचा शेवटचा आकडा 1, 2, 6 किंवा 7 असेल तर रक्कम खाली येते, 3, 4, 8 किंवा 9 असेल तर वर जाते. कार्डाने दिल्यास पूर्णांकन होत नाही. हे पूर्णांकन एकूण रकमेवर एकदाच व्हायला हवे, प्रत्येक वस्तूवर नव्हे. याचे महत्त्व 1 एप्रिल 1957 नंतरच्या भारतात स्पष्ट दिसते. रुपयाचे 100 नवे पैसे झाल्यावर एका आण्याचे सव्वासहा पैसे होत होते, पण पाव पैसा देता येत नसल्याने तक्त्यात एक आणा 6 पैशांचा धरला गेला. चार आणे एकत्र दिले तर 25 पैसे, आणि तेच चार आणे सुटे सुटे चार वेळा दिले तर 24. प्रश्न एका पैशाचाच असला तरी ज्यांचा सगळा व्यवहार आण्यांत चालत असे त्यांना तो रोज सोसावा लागे. म्हणून लहान रकमा एकत्र करून देणे केव्हाही चांगले.

धातू पाहावा कसा?

आता साल वाचण्याची वेळ आली. नाणी पाडताना त्यांतील धातू दर्शनी किमतीपेक्षा महाग होऊ लागला की टांकसाळी स्वस्त धातूकडे वळतात, त्यामुळे ठरावीक सालाच्या आधीची आणि नंतरची नाणी दिसायला सारखी पण आतून वेगळी असतात. ब्रिटनच्या 1 आणि 2 पेन्सच्या नाण्यांत 1992 पासून कांस्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद आले. चुंबक जवळ नेताच नवे नाणे चिकटते, जुने जागचे हलत नाही.

अमेरिकेचा सेंट 1982 पर्यंत 95 टक्के तांब्याचा आणि 3.11 ग्रॅमचा होता, आणि त्याच वर्षात तो जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा देऊन 2.5 ग्रॅमचा करण्यात आला. 1982 चे दोन सेंट हाती आले तर काटाच निवाडा करतो. नवा सेंट फार झिजला असेल तर कडेवर किंवा उठावाच्या, म्हणजे वर आलेल्या चित्राच्या आणि अक्षरांच्या, टोकावर तांबूस थर जाऊन खालचे करडे जस्त दिसते. जुना सेंट दगडी फरशीवर टाकला तर स्वच्छ खणखणतो, नवा बद्द वाजतो. जुन्या 340 सेंटांत सुमारे एक किलो तांबे असते आणि त्यांची दर्शनी किंमत 3.40 डॉलर होते. किलोभर तांब्याचा भाव याच्या वर गेला की धातू आकड्याला मागे टाकतो, आणि तो केव्हाच गेला आहे. तथापि नाणी वितळवू नयेत. अमेरिकेने सेंट वितळवण्यावर बंदी घातली आहे आणि भारतातही नाणे वितळवणे हा गुन्हा आहे.

चांदीसाठी सालांचे टप्पे लक्षात ठेवावेत. अमेरिकेची 10 आणि 25 सेंटची नाणी 1964 पर्यंत 90 टक्के चांदीची होती. नंतरच्या नाण्यांची कड उजेडात धरली तर मधोमध तांब्याची लाल रेघ दिसते, जुन्यांची कड एकसारखी पांढरी असते. ब्रिटनची चांदीची नाणी 1919 पर्यंत 92.5 टक्के आणि 1920 ते 1946 या काळात 50 टक्के चांदीची होती. भारतातील पावली 1946 पासून निकेलची झाली. निकेल चुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही, एवढ्यावर तिची परीक्षा होते.

संग्राहकाची किंमत

दुर्मीळता सालावरून आपोआप ठरत नाही. कोट्यवधींच्या संख्येने पाडलेले शंभर वर्षांपूर्वीचे नाणेही स्वस्त असू शकते. किंमत ठरते ती किती नाणी पाडली गेली, किती उरली, उठाव किती शाबूत आहे आणि मागणी किती आहे यावर. अमेरिकेने 1943 साली युद्धामुळे पोलादाचे सेंट पाडले, पण काही थोडे कांस्याचेही बाहेर पडले आणि ते अत्यंत मौल्यवान आहेत. म्हणूनच पोलादी सेंटाला तांब्याचा मुलामा देऊन किंवा 1948 मधील 8 चा भाग कापून 3 बनवून फसवले जाते. चुंबक पहिली फसवणूक उघड करतो, दुसरीसाठी भिंगाखाली आकडा पाहावा लागतो.

असे नाणे मिळाल्याची शंका आली तर ते घासू नये. आंबट पदार्थाने किंवा पॉलिशने ते चकचकीत होते, पण मूळ पृष्ठभाग कायमचा निघून जातो आणि संग्राहक ते लगेच ओळखतो. नाणे फक्त कडेला धरावे. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत, कारण त्यातील रसायनाने नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. साध्या नाण्याला लाखो रुपये देऊ असे सांगून आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांना मुळीच पैसे देऊ नयेत. आपल्या नावाने असे प्रस्ताव दिले जात असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने 2021 साली स्वतः दिला होता. किमतीचा अंदाज घेताना विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नये, लिलावात प्रत्यक्ष झालेली विक्री पाहावी.

सरतेशेवटी जे ढीग उरतील त्यांतील चालू नाणी बँकेत भरावीत, मुदतीतली बदलून घ्यावीत आणि ठेवायची तेवढी एकेक करून कागदी लिफाफ्यात घालावीत. लिफाफ्यावर देश, मूल्य, साल आणि वजन लिहावे. नाणे आत घालण्यापूर्वी लिहावे, म्हणजे पेनाचा दाब त्याच्यावर पडत नाही.