गेमची सीडी मधातून काहून तडकते, अन् तडकली तं काय करायचं

सीडी खाली पडून फारशी तडकत नाही, ती तडकते डब्यातून काढताना. हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण खेड्यात एकच गेम दहा घरी फिरतो, प्रत्येक जण आपल्या पद्धतीनं ओढून काढतो, अन् शेवटी ज्याच्या हातात कटकन आवाज येतो त्याच्यावर सगळे खापर फोडतात. खरं तं ती चीर कधीचीच पडलेली असते.

डिस्क 12 सेंटिमीटर रुंद, फक्त 1.2 मिलिमीटर जाड, अन् मधात 15 मिलिमीटरचं भोक. ते भोक डब्याच्या दात्यांवर घट्ट बसलेलं असतं. आपण काय करतो, कडेला बोटं घालून वर खेचतो, मग कडा वर येते पण मधला भाग दात्यांनी धरून ठेवलेला, डिस्क वाकते अन् सगळा ताण त्या भोकाच्या काठावर जातो. एकदा केलं तं काही होत नाही, पण रोज केलं की काठावर केसाएवढी चीर पडते अन् ती हळूहळू बाहेर सरकते.

काढायची पद्धत सोपी आहे. अंगठ्यानं मधल्या दात्यांवर सरळ खाली दाबायचं, टक आवाज येते, डिस्क आपोआप सैल होते, मग दोन बोटांनी कडेला धरून उचलायची. ठेवताना पण कडेवर नाही दाबायचं, भोकाच्या भवताल दाबायचं. काही डुप्लिकेट डब्यांचे दाते इतके कडक असतात की दाबून पण सुटत नाही, अशा डब्यातला एकाआड एक दाता नेलकटरनं कापून टाका, डब्याची दया करू नका, डबा कुठंही भेटते.

आता चीर आहे का नाही हे पाहायचं कसं, कारण नुसत्या डोळ्यानं पाहिलं तं दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत जा, मोबाईलचा टॉर्च डिस्कच्या मागून धरा अन् मधल्या पारदर्शक रिंगणावर नजर ठेवून डिस्क हळूहळू तिरपी करत फिरवा. ओरखडा असला तं तो वरच्यावर दिसते, चीर असली तं प्लास्टिकच्या आत चांदीची तार ठेवल्यासारखी एकदम चमकते अन् भोकापासून बाहेर जाताना दिसते. मग त्या जागी भोकाच्या काठावर नख फिरवा, नख अडकलं म्हणजे काठ फाटला. बाजारात किंवा कोणाकडून सेकंडहँड घेताना हे तिथंच उभं राहून करा, विकणारा घाई करत असला तं मुद्दाम करा.

चीर सापडली की ती डिस्क कन्सोलमध्ये, म्हणजे गेम चालवायच्या मशीनमध्ये, टाकू नका, "एकदा चालवून तं पाहू" हे पण नको. कम्प्युटरचा ड्राइव्ह फुल स्पीडमध्ये डिस्क मिनिटाला जवळपास 10,000 वेळा फिरवतो, म्हणजे कडेचा वेग ताशी 220 किलोमीटरच्या वर जातो. कन्सोलमध्ये वेग कमी असते पण फेरे हजारातच. त्या वेगात चिरलेली डिस्क आतमधेच फुटते, तुकडे लेन्सवर जातात अन् दोनचारशेच्या सीडीपायी कन्सोल बसते.

फुटलीच तं बोर्डावरून बटन बंद करा अन् प्लग काढा, लाइट येऊ-जाऊ करत असली तं प्लग काढणं अजूनच जरुरी. पुन्हा चालू करून पाहू नका. खोलता येत असलं तरच खोला, नाही तं तालुक्याला रिपेअरवाल्याकडं न्या. निघालेले तुकडे कागदावर गोल जुळवून पाहायला सांगा, एखादा कोपरा कमी भरला तं तो अजून आतच आहे.

फेविक्विकनं चिकटवणं, वरून सेलोटेप मारणं, हे काही कामाचं नाही. टेप लावली की एका बाजूला वजन वाढते अन् डिस्क थरथरते, गोंद फिरताना उडून लेन्सवर बसते. चीर जुळत नाही, बस. पॉलिश ओरखड्यासाठी असते, ते पण सीडी-डीव्हीडीलाच. पीएस म्हणजे प्लेस्टेशन, त्याच्या थ्री, फोर, फाइव्हच्या ब्लू-रे डिस्कमधे डेटा खालच्या पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत असतो, तिथं टूथपेस्ट घासली तं असलेलं पण जाईल.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यानं डिस्क पुसायची नाही. हे प्लास्टिक पॉलिकार्बोनेट असते अन् पेट्रोलनं त्याला बारीक बारीक भेगा पडतात, आधीच ताण पडलेल्या जागी तं लवकरच. थ्रेशरच्या दिवसात धूळ बसली तं साधं पाणी अन् मऊ सुती कापड, अन् पुसायचं मधातून कडेकडं सरळ, गोल गोल नाही.

उन्हाचं सांगायचं तं आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते. पॉलिकार्बोनेट त्यानं वितळत नाही, पण गाडीच्या डिक्कीत सामानाखाली दबलेली डिस्क वाकडी होते, अन् वाकडी डिस्क फिरताना डगमगते. टिनाखालच्या फळीवर ठेवू नका, खालच्या कपाटात उभी ठेवा, एकावर एक थप्पी नको. शर्टाच्या खिशात किंवा वहीत घालून गाडीवर नेणं तं एकदम बंद.

जुना पीएस टूचा गेम असला अन् चीर अजून रिंगणातच असली, तं फेकायला काढलेल्या एखाद्या डीव्हीडी ड्राइव्हमधे सॉफ्टवेअरनं स्पीड सगळ्यात कमी करून आयएसओ, म्हणजे पूर्ण डिस्कची एका फाइलमधली कॉपी, काढायची एक संधी घेता येते, तोंड समोर न ठेवता. ड्राइव्ह गेला तं गेला, हे धरूनच करायचं. पीएस फोरचं असं घरी जमत नाही, अन् गेम हार्डडिस्कवर पूर्ण इन्स्टॉल असला तरी चालू करताना ते डिस्क मागतेच.

पण सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळला त्याची नोंद, डिस्कवर नसते, पीएस फोरमधे ती कन्सोलमध्येच राहते, म्हणून डिस्क गेली म्हणून पोट्ट्यांना रडायचं कारण नाही. दुसरी घेताना मात्र डब्याच्या बारक्या बाजूवर सीयूएसए (CUSA) अन् पुढं पाच आकडे छापलेले असतात, ते जुन्या डब्याशी जुळवून घ्या. वेगळ्या रीजनची, म्हणजे दुसऱ्या देशांसाठी काढलेली डिस्क असली की नंबर वेगळा येते, अन् नंबर वेगळा असला तं जुनी सेव्ह तिला दिसत नाही.