अझेलिया पिवळी पडतेय? एसीचं पाणी जपून ठेवा

नर्सरीतून फुलांनी गच्च भरलेली अझेलिया आणावी आणि दोन महिन्यांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या! पुण्यात आमच्याकडे दोनदा हेच झालं. तिला आंबट माती लागते (सामू, म्हणजे pH, 4.5 ते 6). आपली काळी माती चुनखडीची, म्हणजे नेमकी उलट, वर बोअरचं जड (क्षारांचं) पाणी; अशात झाडाला लोह मिळत नाही.

तिसऱ्या झाडाला हे केलं:

1. जमिनीत लावलंच नाही. पसरट कुंडी घेतली, कारण मुळं वरवरच पसरतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

2. कुंडी पूर्वेच्या गॅलरीत. दहानंतरचं ऊन नको. वर वाळक्या पानांचा दोन इंच थर.

3. पाणी मात्र एसीच्या नळीचं. त्यात क्षार जवळपास नसतात, आणि ऐन उन्हाळ्यात, झाडाला गरज असते तेव्हाच ते मिळतं. नळीखाली बादली ठेवली की रात्रीत कुंडीपुरतं जमतं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरा.

4. महिन्यातून एकदा लिटरभर त्याच पाण्यात 1 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, झाडाला लोह देणारं). फरशीवर सांडू देऊ नका, तांबडा डाग जात नाही.

राख, चुना, अंड्याची टरफलं चुकूनही घालू नका.

एसीचं सर्व्हिसिंग झालं की पहिले दोन दिवस ते पाणी ओतून द्या; कॉइल धुतलेलं रसायन त्यात उतरतं. आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी उंचावर, अझेलियाची पानं विषारी असतात.