विंडोजच्या जोडीला लिनक्स: कोणतं घ्यावं, आधी काय तपासावं

एखाददुसरं टूल चालवण्यापुरतंच लिनक्स हवं असेल, तर डिस्कला हात लावू नका. विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) किंवा व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या खिडकीत चालणारा आभासी संगणक) पुरतं. ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद हवी असेल किंवा रोजचं काम तिकडे हलवायचं असेल, तरच ड्युअल बूट, म्हणजे एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टिम टाकून सुरू करताना हवी ती निवडणं.

डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च असे लिनक्सचे तयार प्रकार, निवडताना दिसण्यापेक्षा अपडेटचं चक्र बघा. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात. मिंटची मुख्य आवृत्ती त्याच पायावर उभी आहे. फेडोराची एक आवृत्ती जेमतेम १३ महिने टिकते. आठवड्यातून एकदा उघडायच्या सिस्टिमवर फेडोरा किंवा आर्च म्हणजे दर वेळी आधी अपडेट, मग काम. मात्र लॅपटॉप अगदी नवा असेल तर हिशेब उलटतो: जुन्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) नवी वायफाय चिप ओळखता येत नाही, तिथे फेडोरा बरं. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

मग निवडलेली डिस्ट्रो ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, तासभर वापरून बघा. वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तपासा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तीच पुढे छळते. एनव्हिडिया कार्ड असेल आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना मागितलेला पासवर्ड लक्षात ठेवा. रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर तोच देऊन ड्रायव्हरच्या सहीची की (किल्ली) नोंदवावी लागते. तो पडदा तसाच पुढे ढकलला तर ड्रायव्हर लोड होत नाही.

गडबड होते ती बहुधा विंडोजच्या बाजूने. बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की दुसऱ्या यंत्रावर किंवा कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा: किमान ५० जीबी, गेम टाकायचे असतील तर १००च्या पुढे. ती जागा फॉरमॅट न करता रिकामीच सोडा.

इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही, तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क हाताळायचा इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी मोड चालू आहे का ते बघा. पण तो थेट बदलू नका, विंडोज बूट होणार नाही. आधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरांवर) उघडेल असं करा, मग मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि नेहमीचं बूट परत लावा.

इन्स्टॉल झाल्यावर विंडोजचं घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. लिनक्स यंत्राच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज ती स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.