कडधान्ये आणि भाज्यांचे दाट सूप

दिवाळी उलटून बेळगावात थंडी जाणवू लागली की बाजारात रताळी, गाजरे, नवलकोल आणि बिन्स एकदमच ताजी मिळू लागतात, आणि पोटभरीचे सूप करण्यासाठी याहून चांगला काळ नाही. हे सूप कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याला दाटपणा कडधान्यातूनच यायला हवा, आणि त्यासाठी आदल्या रात्रीपासून तयारी करावी लागते.

चार-पाच माणसांसाठी १५० ग्रॅम राजमा घ्यावा आणि एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवून त्यात आठ ते दहा तास भिजत ठेवावा. मिठामुळे दाणा कडक होतो हा समज भिजवण्याच्या बाबतीत खरा नाही. उलट मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून टाकून राजमा दोनदा धुवावा, दीड लिटर ताज्या पाण्यात घालून आधी झाकण न लावता दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच कुकरचे झाकण लावावे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, ते जोरदार उकळीनेच नष्ट होते. नुसत्या वाफाळत्या पाण्यात मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात, म्हणून ही पायरी कधीही टाळू नये. एक शिट्टी झाल्यावर आच मंद करून पंधरा ते वीस मिनिटे ठेवावे. चार दाणे पळीत घेऊन त्यांवर फुंकर मारली असता साल उकलून मागे वळली आणि दाणा बोटांत विनासायास चिरडला गेला, तर तो शिजला असे समजावे. त्याचे पाणी जपून ठेवावे, कारण सुपाची सगळी चव त्यातच उतरलेली असते.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून जिरे, एक तमालपत्र आणि मोठा चिरलेला कांदा घालावा व चिमूटभर मीठ टाकून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावे. कांदा करपू न देता गोडसर होऊ द्यावा. इथे घाई केली तर पुढे कोणताही मसाला ती उणीव भरून काढत नाही. मग ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, दोन गाजरे आणि एक नवलकोल यांच्या बोराएवढ्या फोडी परतून राजम्याचे पाणी ओतावे. त्यातच अर्धी वाटी अख्खी मसूर धुऊन घालावी. भात कापणीनंतर आपल्या शिवारात घेतली जाणारी मसूर मिळाली तर तीच घ्यावी. ती न भिजवताही वीस-पंचवीस मिनिटांत शिजते.

टोमॅटो मात्र मसूर मऊ झाल्याशिवाय घालू नयेत. आंबटपणामुळे दाण्याला घट्ट बांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य नीट विरघळत नाही. एकदा मी सुरुवातीलाच टोमॅटो घातले होते, तेव्हा तासभर उकळूनही मसूर दडसच राहिली आणि भाज्यांचा मात्र लगदा झाला. मसूर शिजत आली की एका रताळ्याच्या मोठ्या फोडी आणि मूठभर चिरलेली बिन्स घालावी, दहा मिनिटांनी तीन टोमॅटो बारीक चिरून टाकावेत, आणि शेवटच्या पाच मिनिटांसाठी वाटीभर कोबी व शिजलेला राजमा घालावा. रताळ्याचा गोडवा टोमॅटोच्या आंबटपणाला छान सावरून धरतो. ज्यांना गोडसर चव रुचत नाही त्यांनी बटाटा वापरावा.

आता दोन पळ्या राजमा बाहेर काढून पळीच्या पाठीने रगडावा आणि पुन्हा पातेल्यात मिसळून एक उकळी आणावी. पाणचट रस बघता बघता पळीला धरू लागतो. मीठ, भरड कुटलेली मिरी आणि कोथिंबीर घालून पातेले अर्धा तास झाकून ठेवावे, नंतर पुन्हा कढत करून ज्वारीच्या भाकरीसोबत वाढावे. उरलेले सूप निवले की लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते अधिक घट्ट झालेले असते, तेव्हा त्यात गार नव्हे तर उकळते पाणी घालून सैल करावे.