बदकं आणि कोंबड्या एकत्र आहेत? थंडी सुरू व्हायच्या आत एवढं करा

भातकापणी उरकली, खाडीवर कुरव, म्हणजे थंडीतले पाहुणे पक्षी, दिसायला लागले, म्हणजे आता मार्चपर्यंत ज्यांच्या परसात बदकं आणि गावठी कोंबड्या एकत्र फिरतात त्यांनी सावध राहायचं. बदकं ठणठणीत आहेत म्हणजे आपल्याकडे रोग नाही असं बरेच जण धरून चालतात, ते डोक्यातून काढा. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, तिचा विषाणू बदकात शिरला तरी बदक बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, खातं पितं, अंडी देतं आणि शिटेतून विषाणू टाकत राहतं, बर्ड फ्लूचंही बऱ्याचदा तसंच, कोंबड्या मात्र पटापट जातात. आणि बर्ड फ्लू आपल्यापासून लांब नाही, २०२१ ला दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये सापडला, २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरमध्ये कोंबड्यांमध्ये.

खरी गडबड पाण्यात होते. बदक तोंडभर कोंडा घेतं, लगेच पाण्यात चोच बुचकळतं, तिथेच शिटतं आणि त्याच घमेल्यात कोंबडी येऊन पिते. म्हणून खुराडी वेगळी करायला जमत नसेल तरी पाणी आजच वेगळं करा, कोंबड्यांचं भांडं विटांवर उंच ठेवा, बदकांचं टब लांब आणि उताराच्या बाजूला, म्हणजे सांडलेलं पाणी कोंबड्यांकडे येणार नाही. बदकं खाजणात किंवा तळ्यावर सोडू नका, तिथे रानबदकं उतरतात. सकाळी आधी कोंबड्यांचं काम करा, मग बदकांचं, चपला दोन्हीकडे वेगळ्या. आठवडा बाजारातून आणलेला पक्षी २१ दिवस वेगळा डालग्याखाली.

मानमोडीची लस पिल्लांना ५ ते ७ दिवसांत डोळ्यात थेंब, पुढचे डोस डॉक्टरांना विचारून. कुपी शंभर किंवा जास्त डोसची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्याने आणण्यापेक्षा अख्ख्या वाडीने एकच दिवस ठरवा, कुपी बर्फात आणा, आणि पाण्यातून देणार असाल तर ब्लीचिंग टाकलेलं नळाचं पाणी अजिबात नको, लस मरते, विहिरीचं घ्या. बदकांच्या डक प्लेगची लस वेगळी, तो रोग कोंबड्यांना होत नाही.

हिरवी पातळ शीट, वाकडी मान, चोच उघडून श्वास, किंवा तुरा जांभळा, डोकं सुजलेलं, पायावर लाल डाग, यातलं काहीही दिसलं किंवा एका दिवसात दोन-तीन पक्षी गेले तर हा कुठला रोग ते घरी बसून ओळखायच्या भानगडीत पडू नका, ते लॅबमध्येच कळतं. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइन नंबरवर फोन करा नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आजारी कोंबडी कापू नका, मेलेली उघड्या हाताने उचलू नका, व्हाळात तर अजिबात टाकू नका कारण खालच्या वाडीच्या कोंबड्या तेच पाणी पितात, आणि डॉक्टर येऊन बघेपर्यंत घरातून एकही पक्षी, एकही अंडं बाहेर जाऊ देऊ नका, मुंबईला निघालेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून पण नाही.